शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शाळांचा वर्षान्त

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागील वर्षें मोजण्याची रीति सर्वत्र आहे. आपल्या धर्मग्रामाच्या या स्मरणिकेंत देवळाची इमारत, घंटा, वेदी, बाप्तिस्मे व लग्नें यांचा हिशेब इतर लेखकांनीं दिलाच आहे. आमच्या वांट्यास शाळांचा विषय आला. शाळा कोणत्या सालीं निघाली आणि इमारतीस खर्च किती लागला, ही माहिती दप्तरांत सांपडते. परंतु वर्ष संपतें त्या दिवशीं शाळेंत काय घडतें, कोण हजर असतो व कोण नसतो, हें सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. म्हणून शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील शाळांच्या वर्षान्ताचा, म्हणजे परीक्षा, निकाल, बक्षिसें, संमेलनें व निरोप यांचा, थोडासा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मुलुखाची ओळख. शहापूर तालुक्याचें जुनें नांव कोळवण. माहुलीच्या किल्ल्यापासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत डोंगर, सागाचें रान आणि मधूनमधून भाताचीं खाचरें. आगगाडी १८५५ सालीं वासिंदास आली व १८६१ सालीं कसाऱ्यास पोंचली; त्यामुळें या तालुक्याचा मुंबईशीं संबंध लवकर जडला. मुरबाड रुळापासून दूर राहिलें. माळशेज घाट व नाणेघाट या त्याच्या जुन्या वाटा. नाणेघाटांतील सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा आहे. ज्या वाटेच्या तोंडाशीं इतकीं जुनीं अक्षरें कोरलेलीं आहेत, त्याच वाटेच्या दोहों बाजूंच्या वाड्यांत अक्षरओळख पोंचण्यास विसावें शतक उजाडावें लागलें! वस्ती कुणबी, आगरी, ठाकर, महादेव कोळी, वारली व कातकरी यांची. यांपैकीं कोणाचीं मुलें शाळेच्या पटावर केव्हां आलीं, हाच आमच्या गोष्टीचा मुख्य धागा आहे.

मुंबई इलाख्याचें सरकारी शिक्षणखातें १८५५ सालीं स्थापन झालें. पुढील दशकांत सारापट्टीच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड बसला व त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाऊं लागला. म्हणजे खेड्यांतील शाळेचा खर्च नांगर धरणाराच देत होता. त्याचा मुलगा मात्र गुरांमागें रानांत. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं जें निवेदन सादर केलें, त्यांतील मुख्य तक्रार हीच होती, कीं पैसा शेतकऱ्याचा आणि विद्येचा लाभ वरच्या वर्गांचा. शिक्षकांचा पगार फार थोडा आहे, असेंहि त्यांनीं त्यांत स्पष्ट सांगितलें.

त्या काळच्या खेड्यांतील शाळेचें वर्ष डेप्युटी इन्स्पेक्टरच्या भेटीनें पुरें होई. लोक त्यांस 'दिपोटी' म्हणत. पाऊस संपून वाटा सुकल्या म्हणजे दिपोटीसाहेबांची स्वारी निघे. ते येणार अशी वर्दी आली, कीं मास्तरांची झोंप उडे. शाळेची जमीन सारवली जाई, दारास आंब्याच्या पानांचें तोरण लागे, पाटील व गांवचे चार प्रतिष्ठित लोक बोलाविले जात. मुलें धुतलेले सदरे घालून रांगेंत बसत. मग वाचन, शुद्धलेखन, मोडी वाचणें, तोंडचे हिशेब, नकाशावर नद्या दाखविणें, कविता म्हणणें, असा क्रम चाले. साहेब हजेरीचें रजिस्टर मुलांच्या डोक्यांशीं ताडून पाहत व शेवटीं शेरेबुकांत शेरा लिहीत. त्या शेऱ्यावर मास्तरांची बढती किंवा बदली अवलंबून असे. साहेबांची पाठ फिरली, कीं मुलांस गूळ-खोबरें वांटीत व शाळेस सुटी देत. हाच त्या वेळचा समारंभ. पटावरील आंकडा भरून दिसावा म्हणून त्या एका दिवसापुरतीं गुराख्यांचीं पोरेंहि धरून आणून बसवीत, अशा गोष्टी वृद्धांच्या तोंडून आम्हीं ऐकल्या आहेत. त्या पोरांच्या आयुष्यांतील शाळेचा तो एकच दिवस, आणि तोहि परीक्षेचा!

पुढें मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा आली. ती पास झालेल्या मुलास प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळूं शके. म्हणून तिच्या निकालाची वाट सारें घर पाहत असे. खेड्यांतून दोन-तीन मुलें परीक्षेस बसत व एखादें पास होई. त्या एकाचें नांव गांवांत वर्षानुवर्षें घेतलें जाई.

येथें थोडें विषयान्तर वाचक क्षमा करतील अशी आशा आहे. वर्षाच्या शेवटीं सर्वांसमक्ष नांव पुकारून बक्षीस देण्याची चाल आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते, कीं तिचा उगम कोणी शोधीत नाहीं. सेमिनरींत असतांना येशूसंघाचे १५९९ सालचे शिक्षणनियम आम्हांस वाचावयास मिळाले. लॅटिन भाषेंत त्यांस 'रातिओ स्तुदिओरुम' म्हणतात. त्यांत बक्षिसांकरितां एक स्वतंत्र प्रकरणच आहे. वक्तृत्वाच्या वर्गास आठ बक्षिसें, तींहि लॅटिन व ग्रीक यांच्या गद्यपद्यांत वांटून दिलेलीं. परीक्षेच्या वेळीं बोलण्यास मनाई. निर्णय देण्यास तीन जाणते पंच. आणि निकालाच्या दिवशीं सभेपुढें विजयी विद्यार्थ्याचें नांव मोठ्यानें पुकारावयाचें. वसईच्या किल्ल्यांत येशूसंघाचें विद्यालय त्या काळीं चालू होतें. १७३९ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातून गेली व त्या विद्यालयाचे दिवस संपले. किनाऱ्यावरची ती विद्या कोळवणच्या रानापर्यंत कधीं चढली नाहीं. जी चाल पुढें खेडोपाडीं आली, ती इंग्रजी अमदानींतील शाळांतून. आम्ही स्वतः बक्षिसांचे शत्रु नव्हे. परंतु एकाचें नांव पुकारलें जात असतां बाकीच्या तिसांनीं केवळ टाळ्या वाजवावयाच्या, हें लहान मुलांच्या शाळेंत आम्हांस नेहमींच थोडेंसें खुपत आलें आहे.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यांत १९२३ सालीं झाला व त्याची अधिक व्यापक आवृत्ति १९४७ सालीं आली. या दोहोंमधील काळांत मुरबाड तालुक्यानें एक असा वर्षान्त पाहिला, जो तेथील शाळा अद्यापि विसरलेल्या नाहींत. माथेरानचे वकील भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे १९४२ च्या चळवळींत भूमिगत होऊन सिद्धगडच्या रानांत राहिले होते. २ जानेवारी १९४३ रोजीं पहाटे पोलिसांनीं त्यांस गांठलें व तेथेंच दोघांचा अंत झाला. तेव्हांपासून नववर्षाचा दुसरा दिवस या भागांत हुतात्म्यांच्या स्मरणाचा झाला. सिद्धगडावर लोक जमतात, आणि आसपासच्या शाळांतील मुलांस तो इतिहास पुस्तकांतून वाचावा लागत नाहीं. पायांखालच्या वाटेवरूनच तो समजतो.

याच थंडीच्या दिवसांत शाळांचीं स्नेहसंमेलनें होतात. भात झोडून घरांत आलेलें असतें, हवा आल्हाददायक, रस्ते कोरडे. सरकारी वर्ष मार्चांत संपो कीं शाळेचें एप्रिलांत. आनंदाचा वर्षान्त आमच्या मतें डिसेंबर-जानेवारींतच येतो. आपल्या घरांत नाताळचा गोठा मांडला जातो, त्याच दिवसांत वाडीवरच्या शाळेपुढें बांबूचा मांडव उभा राहतो. ठाकरांचीं पोरें तारप्याच्या किंवा ढोलाच्या तालावर फेर धरतात. मास्तर पेटी वाजवितात. गांवचा कोणी सज्जन पांचशे रुपयांची देणगी जाहीर करतो व त्याचें नांव तीन वेळां ध्वनिक्षेपकावरून सांगितलें जातें. मग पौष पौर्णिमेस म्हसें येथें खांबलिंगेश्वराची प्रसिद्ध यात्रा भरते. तेथें बैलांचा मोठा बाजार असतो. बाप बैल पाहावयास निघाला म्हणजे मुलगा मागें राहत नाहीं; यात्रेच्या दिवसांत मुरबाडकडील शाळांची हजेरी कशी असते, हें आम्हीं सांगावयास नकोच.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि त्याच तारखेस १९६२ सालीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. प्राथमिक शाळा परिषदेकडे गेल्या. तेव्हांपासून सकाळीं झेंडावंदन आणि लगेच वार्षिक निकाल, अशी १ मेची जोडगोळी खेड्यापाड्यांत रूढ झाली. हें फार सोयीचें आहे. गांव त्या दिवशीं तसाहि शाळेपुढें जमतो. सूर्य वर येण्याच्या आंत झेंडा चढतो, मास्तर एकेक नांव घेतात, मूल पुढें येऊन प्रगतिपत्रक घेतें, शिक्षकांच्या पायां पडतें, आणि बाहेर उभी असलेली आई पदराच्या गांठींतून सोडलेल्या पैशांनीं आणलेल्या गोळ्या सर्वांस वांटते. वरच्या वर्गाचीं मुलें शाळा सोडतांना वर्गणी काढून भिंतीवरचें घड्याळ किंवा थोर पुरुषाची तसबीर शाळेस भेट देतात. जुन्या शाळेंत अशीं तीन-चार घड्याळें दिसतात. बहुधा त्यांतील एकच चालू असतें.

१९७२ च्या सुमारास राज्यांत आदिवासी आश्रमशाळांची योजना सुरू झाली. शहापूर तालुक्यांत ठाकर, महादेव कोळी व वारली यांचीं मुलें राहून शिकूं लागलीं. त्यांचा वर्षान्त निराळा. घरीं जाण्याची घाई, पत्र्याची पेटी डोक्यावर, फाटकाशीं बाप वाट पाहत उभा. परीक्षेंत काय झालें, हें वाटेंत चालतांना विचारावयाचें.

हें सर्व वाचून कोणास वाटेल, कीं पट भरत गेला आणि वर्षान्त पूर्ण झाला. तसें नाहीं. कातकऱ्यांची कथा अजून सांगावयाची आहे. खैराच्या लांकडाचा कात काढणारे ते कातकरी. रानाचे कायदे झाले, कात गेला, पुढें कोळसा पाडण्याचें कामहि गेलें. उरल्या वीटभट्ट्या. पावसाळ्याच्या अखेरीस भट्टीमालकाकडून उचल घ्यावयाची, दिवाळीनंतर बिऱ्हाड व पोरेंबाळें घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडील भट्टीवर जावयाचें, आणि मृगाच्या आधीं परत यावयाचें. उचल फिटली तर फिटली. म्हणजे शाळेचें संमेलन होतें तेव्हां हीं मुलें भट्टीवर, परीक्षा होते तेव्हां भट्टीवर, व १ मेस नांव पुकारलें जातें तेव्हांहि भट्टीवरच. ओल्या विटा उन्हांत उलटविण्याचें काम लहान हातांचें असतें.

जें मूल शाळेंत येत नाहीं, त्याच्याकडे शाळेनें जावें, हा विचार याच जिल्ह्यांत प्रथम आचरणांत आला, हें अभिमानानें सांगितलें पाहिजे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. गुरें चारणाऱ्या मुलांकरितां त्यांनीं कुरणशाळा चालविल्या. तो भाग २०१४ सालीं पालघर जिल्ह्यांत गेला, परंतु त्या वेळीं सारें ठाणेंच होतें. १९९० नंतरच्या दशकांत विधायक संसद या संस्थेनें भट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची तात्पुरती झोंपडी. सरकारनेंहि मागें राहणाऱ्या मुलांकरितां हंगामी वसतिगृहें व स्थलांतर करणाऱ्या मुलांकरितां शिक्षण हमी कार्ड अशा योजना काढल्या. जेथें शिक्षक मनापासून कार्ड भरून देतो आणि दुसरा शिक्षक तें मनापासून वाचतो, तेथें मूल टिकतें. इतरत्र कार्ड पिशवींत राहतें.

मग १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या सक्तीच्या शिक्षणाचा नवा कायदा लागू झाला. आठवीपर्यंत कोणासहि नापास करूं नये, असें त्यांत होतें. नापासाची भीति गेली, हें उत्तमच झालें. पण सहा महिने न दिसलेला मुलगाहि वरच्या वर्गांत चढूं लागला, आणि तो गेला कोठें, हें विचारण्याचें कारणच उरलें नाहीं. २०१९ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती झाली व महाराष्ट्रानें २०२३ सालीं पांचवी व आठवीकरितां वार्षिक परीक्षा पुन्हां आणली. परीक्षा असावी कीं नसावी, यावर विद्वान वाद करोत. रिकाम्या जागेची दखल घेणारा शेरा कोणत्या पुस्तकांत लिहावयाचा, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

आतां ज्या शाळेकरितां हा लेख लिहिण्याचा आम्हांस विशेष उत्साह वाटला, तिच्याकडे वळूं. मुरबाड तालुक्यांत फांगणे नांवाचें एक लहान गांव आहे. २०१६ सालच्या फेब्रुवारींत शिवजयंतीनिमित्त तेथें स्त्रिया पोथी वाचीत असतां कांहीं वृद्ध बाया म्हणाल्या, आम्हांसहि असें वाचतां आलें असतें तर! जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनीं तें ऐकलें. ऐकून सोडून दिलें नाहीं, हें त्यांचें वैशिष्ट्य. मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेच्या साह्यानें ८ मार्च २०१६ रोजीं, जागतिक महिलादिनीं, त्यांनीं तेथें 'आजीबाईंची शाळा' उघडली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारें तीस विद्यार्थिनी. सर्वांस गुलाबी नऊवारीचा गणवेश. खांद्यास दप्तर, दप्तरांत पाटी. वेळ दुपारीं दोन ते चार, कारण सकाळचें घरकाम व शेत आटोपल्यावांचून आजी मोकळी होत नाहीं. मुळाक्षरें, अंक, कविता, आणि सर्वांत आधीं स्वतःचें नांव लिहिणें. बँकेंत अंगठा उठविणारी बाई तेथें सही करूं लागली, तेव्हां देशविदेशांतील वर्तमानपत्रांनीं त्या खेड्याची वाट शोधून काढली. घरीं नातू आजीची पाटी तपासूं लागला. ज्या पिढीस दिपोटीच्या परीक्षेंत कोणी बसविलें नाहीं, १९४७ च्या सक्तीनें हाक मारली नाहीं, व आश्रमशाळा निघाली तेव्हां जिच्या कडेवर मूल होतें, ती पिढी येथें प्रथमच पटावर आली.

या शाळेस ना वरचा वर्ग, ना खालचा; म्हणून रूढ अर्थानें वर्षान्तहि नाहीं. ज्या मुक्कामास मुलें दहा वर्षांत पोंचतात, तेथें पोंचण्याची या आजींस घाई नव्हती. एखादीची नजर अंधुक, एखादीचा हात थरथरता. काल शिकलेलें अक्षर आज विसरलें, तर त्या स्वतःच हंसत. हा हंसण्याचा भाग आम्हांस फार आवडला; मुलांच्या शाळेंत विसरणारा रडतो.

इतर वार्ता थोडक्यांत. डोंगरांतील कित्येक शाळांचा पट आतां दहा-वीसच्या घरांत आला आहे. राज्यांत वीस किंवा त्याहून कमी मुलांच्या चौदा हजारांहून अधिक शाळा असल्याचें २०२३ सालीं सांगण्यांत आलें व त्या एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार पुढें आला. पावसांत ओढा ओलांडून सहा वर्षांच्या मुलानें दुसऱ्या गांवीं जावें, हें कागदावर सोपें दिसतें. उलट २०२२ पासून एप्रिल महिन्यांत शाळापूर्व तयारीचे मेळावे भरूं लागले. पहिलींत येणाऱ्या मुलांस टोप्या घालून वाजतगाजत आणतात. जुन्यांचा निरोप व नव्यांचें स्वागत एकाच महिन्यांत होतें. २०२५ सालीं सर्व राज्याकरितां एकच वेळापत्रक काढून परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबविली. त्या दिवसांत शहापूर तालुक्याच्या वाड्यांवर पाण्याचे टँकर फिरत असतात. १८९२ सालीं बांधलेल्या तानसा धरणापासून भातसा धरणापर्यंत मुंबईची तहान भागविणारीं मोठीं जलाशयें याच तालुक्यांत आहेत. तरी टँकर येण्याची वेळ आणि पेपर सुटण्याची वेळ एक झाली, कीं मुलगी पेपर अर्धा टाकून हंडा उचलते. वेळापत्रक करणाऱ्यांनीं एकदां हें पाहावें.

कांहीं वर्षांपूर्वीं १ मे रोजीं शहापूर तालुक्यांतील एका वाडीवरच्या शाळेंत आम्ही पाहुणे म्हणून गेलों होतों. पटावर एकतीस, हजर एकोणीस. बाईंनीं मात्र एकतीसहि नांवें पुकारलीं. जें मूल नव्हतें, त्याच्या नांवानंतर त्या क्षणभर थांबत व "भट्टीवर" असें म्हणून पत्रक बाजूस ठेवीत. त्या बारा पत्रकांस त्यांनीं शेवटीं सुतळी बांधली व तीं लोखंडी कपाटांत ठेविलीं. मंडळी पांगल्यावर एक म्हातारी काठी टेकीत आली. मुलगा-सून भट्टीवर गेलीं होतीं. ही वाडींत कोंबड्या राखीत मागें राहिली होती. नातवाचा कागद द्या, म्हणाली. बाईंनीं सुतळी सोडून पत्रक काढलें व पालकाच्या सहीची जागा दाखविली. म्हातारीनें शाईच्या गादीकडे अंगठा नेला. बाईंनीं गादी बाजूस सारली, पाटीवर तिचें नांव मोठ्या अक्षरांत लिहिलें, आणि पेन तिच्या हातीं दिलें. पाऊण तास लागला. आमची गाडी चुकली.